बोरिश्काच्या भिंतीवरची खरवड

वेंडेलकाका निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी ते हंगेरीतल्या वेस्प्रेमच्या वाऱ्यात एका हातानं टोपी धरून बसमधून उतरत, विद्यापीठाच्या दारावरच्या बाईला "हाताचा मुका घेतो" असा जुन्या वळणाचा नमस्कार करत आणि थेट तळमजल्यावरच्या हॉलमध्ये जात. तिथे बोरिश्का उभी असे. तिच्या पत्र्यावर हात ठेवल्याशिवाय त्यांनी कोट काढलेला मी तरी कधी पाहिला नाही.

बोरिश्का म्हणजे दुधाची पावडर करायची टाकी. दोन मजले उंच, मध्ये फुगीर, खाली निमुळती, अंगावर जोडकामाच्या जुन्या खुणा. वर झाकणाच्या मधोमध एक तोटी. तोटीतून दूध फवारायचं आणि तिच्याभोवतीनं गरम हवा सोडायची. थेंब खाली पडता पडता वाळतात आणि तळाशी पावडर मिळते. सगळं सुरळीत झालं तर. नाही झालं तर जाडे थेंब ओलेच भिंतीवर जाऊन आपटतात, चिकटतात, आणि पातेल्याला धरावी तशी खरवड टाकीला धरते. आमच्याकडे ती कॉफीबरोबर खायला मिळायची आणि फार चविष्ट लागायची. पण डेअरीवाल्यांची झोप हिच्यामुळेच उडते. मोठ्या टाकीत ती जाड झाली की आतल्या आत धुमसते आणि एक दिवस सगळं पेटतं.

माझं काम तेच, फक्त दुधाशिवाय. हवा कशी फिरेल, थेंब कुठे जाईल, किती वाळेल, हे मी दुसऱ्या मजल्यावर बसून संगणकाकडून काढून घेते. मी वेंडेलकाकांचीच विद्यार्थिनी. हॉल सोडून मी वरच्या मजल्यावर गेले, तेव्हा पोरगी परक्या घरी गेल्यासारखं त्यांनी मनाला लावून घेतलं. मग जावयाच्या घरी यावं तसे ते दुपारी वर यायचे, अवघडून बसायचे आणि नावं ठेवायचे.

सुरुवातीला त्यांना चांगलं कोलीत मिळालं होतं. मी सगळ्या थेंबांचा आकार एकच धरत असे, सरासरी. तेव्हा सगळेच तसं करत. गणित जेवायच्या आत उरकायचं आणि चित्रात टाकीची भिंत लख्ख दिसायची.

"सुंदर," वेंडेलकाका चष्मा वर करून म्हणायचे. "सगळे थेंब सख्खी जुळी भावंडं. एका वेळी भिजणार, एका वेळी वाळणार. माझ्या बोरिश्काच्या पोटात असली शहाणी पोरं एकदाही आली नाहीत गं."

"काका, सरासरी बरोबर आहे."

"असेल. पण भिंतीवर सरासरी थेंब चिकटत नाही. जाडा चिकटतो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, कारण त्यांचं खरं होतं. तोटीतून धुक्यासारखे बारीक थेंबही निघतात आणि टपोरेही. सरासरी काढली की दोन्ही टोकं गायब होतात, आणि गोंधळ तर टोकंच घालतात. शेवटी मी थेंबांचे वीस गट केले. अगदी बारीकपासून अगदी जाड्यापर्यंत, प्रत्येक गटाचा आकार वेगळा आणि वाटा वेगळा. सगळे एकदम सोडले. गणित हत्तीसारखं चालायला लागलं, पण पहिल्यांदाच माझ्या पडद्यावर टाकीच्या भिंतीवर एक तपकिरी पट्टा उमटला. मी चित्र घेऊन जिने उतरत धावत खाली गेले. वेंडेलकाकांनी ते बोरिश्काच्या अंगाला लावून पाहिलं.

"आता जरा घरच्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावर घेऊन नाचण्यासारखंच होतं.

नाचायला नको होतं, हे मला पुढे कळलं.

आमचा नवा विभागप्रमुख आकोश तेलेक. माणूस वाईट नाही. माझ्यापेक्षा लहान, हिशेबी, बोलायला गोड. त्याला बॅटऱ्यांच्या प्रयोगशाळेसाठी हॉल हवा होता. हल्ली सगळ्यांनाच बॅटऱ्यांसाठी काही ना काही हवं असतं. सोमवारच्या बैठकीत त्यानं माझं इतकं कौतुक केलं की मला संशयच आला.

"एमोके, बोरिश्काच्या पोटात काय चाललंय ते तुझं गणित सांगू शकतं ना?"

"सांगू शकतं."

"मग बोरिश्का कशाला?"

आकोशनं वीज, वाफ, दर वर्षाची तपासणी, सगळं मांडलं, आणि मग एक प्रस्ताव ठेवला. एका डेअरीला नवी तोटी घ्यायची होती. ती बोरिश्कावर कधीच लावलेली नव्हती. मी आधी गणित करून त्याला मेलनं कळवायचं, की खरवड कुठे धरेल आणि किती. मग बोरिश्कावर खरंच दूध फवारून बघायचं. माझं जुळलं तर वसंतात बोरिश्का निघणार. नाही जुळलं तर राहणार.

"आणि अर्धवट जुळलेलं चालणार नाही," तो म्हणाला. "भिंत, झाकण, तळ, सगळं जुळलं पाहिजे. सरांवर अन्याय नको."

मी वेंडेलकाकांकडे बघितलं. ते चीजची पोगाचा, म्हणजे छोटा खारा पाव, खात होते. तुकडा गिळून ते म्हणाले, "न्याय्य आहे," आणि ताटलीतली दुसरी उचलली.

न्याय्य होतं, पण मी आतून हलले. इरमाकाकू गेल्यापासून त्या माणसाला सकाळी दाढी करायला बोरिश्का हे एकच कारण उरलं होतं. मुलगा दूर रॉटरडॅमला, नाताळला येणारा. घर टेकडीवर, गल्लीच्या टोकाला. बोरिश्का गेली की ते विभागात येणार नाहीत, आणि यायचे थांबले की लवकरच सगळंच थांबेल, हे मला दिसत होतं. आणि मी मुद्दाम चुकीचं गणित करणंही शक्य नव्हतं. माझे हात तसं करत नाहीत. त्या आठवड्यात मला माझ्या हातांचा फार राग आला.

त्यातून आणखी एक गंमत. वीस गटांचे वाटे भरायचे तर नव्या तोटीतून कोणत्या आकाराचं किती निघतं ते मोजायला हवं होतं. ते मोजायचं लेझरचं यंत्र वेंडेलकाकांचं, आणि ते त्यांच्याशिवाय कुणाचंच ऐकत नसे. म्हणजे बोरिश्काला घरातून काढायचं सामान त्यांनीच मोजून माझ्या हातात द्यायचं.

त्यांनी दिलं. स्वेटरच्या टोकानं भिंगं पुसत, फवारा पुन्हा पुन्हा सोडत, एकेक आकडा दोनदा तपासून दिलं. मी म्हटलं, "काका, एवढं काटेकोर नको," तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांच्या घरी जाऊन सूप अळणी आहे म्हटलं होतं.

मी ते टक्के माझ्या गणितात भरले आणि गणित चालवलं. पडद्यावर जे आलं ते बघून मी शीळच घातली. निम्मं दूध भिंतीवर. तळाला पावडर नावापुरती. मी हवा तपासली, उष्णता तपासली, सगळं ठीक. तोटीच भिकार असणार, असं मी ठरवून टाकलं. उद्या आकोशला कळवायचं होतं. वेंडेलकाका दुपारी वर आले तेव्हा मी त्यांना चित्र दाखवलं.

त्यांनी चष्मा वर केला.

"या जाड्या गटात किती थेंब धरलेस?"

मी सांगितलं.

"हं," ते म्हणाले. कॉफी संपवली, कप खाली ठेवला, टोपी घातली. "निघतो. बस आहे."

ते रोजच्यापेक्षा लवकर निघाले. बोरिश्काचं मनात असेल, एकटं राहावंसं वाटत असेल, असं समजून मी आकोशला मेल लिहायला घेतला.

मेल लिहून होत आला तेव्हा दार उघडलं. वेंडेलकाका. धापा टाकत होते, केस वाऱ्यानं उभे राहिलेले, टोपी हातात.

"बस चुकली का?"

"बस आली होती. मी चढलो नाही." ते खुर्चीत बसले. "पोरी, मी तुला दिलेले टक्के कशाचे आहेत?"

"थेंबांचे."

"थेंबांच्या नगांचे, की दुधाचे?"

मी त्यांनी दिलेला आकड्यांचा कागद ओढून बघितला.

बाजारात एक कलिंगड आणि शंभरेक आंबट चेऱ्या एका टोपलीत घातल्या, तर वजनात बहुतेक टोपली कलिंगडाचीच, आणि नगांत कलिंगड शंभरात एक. लेझरचं यंत्र वजनाच्या बाजूनं बोलतं, म्हणजे कोणत्या आकारात किती दूध आहे ते सांगतं. माझं गणित नग विचारतं, म्हणजे त्या आकाराचे किती थेंब आहेत ते. मी एकाच्या जागी दुसरं भरलं होतं. थेंब दहापट रुंद झाला की त्यात हजारपट दूध मावतं, त्यामुळे मी टाकीत कलिंगडंच कलिंगडं ओतली होती. ही चूक आमच्याच धंद्यातली माणसं करू शकतात, कारण टक्के टक्क्यांसारखेच दिसतात आणि शंभरच भरतात. ती पहिल्या वर्षाची मुलं करतात आणि पुढे महिनाभर त्यांना कलिंगडवाले म्हणतात. यावर मी दर सप्टेंबरला एक अख्खं व्याख्यान देते.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"चित्र बघितल्याबरोबर. निम्मं दूध भिंतीवर गेलं असतं, तर ती तोटी करणाऱ्याला लोकांनी त्याच दुधात बुडवला असता."

"मग गेलात कशाला?"

"बस पकडायला," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता टोपीची कड सारखी करत बसले.

"काका, तुम्ही बसमध्ये चढला असतात तर बोरिश्का वाचली असती."

"हो. थांब्यावर उभा राहून तेच घोकत होतो."

"मग?"

"मग काय मग? बुडापेश्तहून ते डेअरीवाले येणार. त्यांच्यासमोर, आकोशसमोर, तू कलिंगडवाली ठरणार. आणि मी रोज सकाळी बोरिश्काकडे बघून काय आठवू? तुझी मान खाली गेली म्हणून ही उभी आहे, हे?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, मी काही पाठवतच नाही. आकोशला म्हणावं, तुझं तू बघ. हॉल दे बॅटऱ्यांना नाहीतर भजी तळणाऱ्यांना.

"गप्प बस," वेंडेलकाका म्हणाले. विद्यार्थिनी असतानासुद्धा माझ्यावर ते असं कधी ओरडले नव्हते. "आणि दुरुस्त कर. मी कॉफी आणतो. तुमच्या मजल्यावरची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, पण आणतो."

मी दुरुस्त केलं. दुधाच्या टक्क्यांवरून नग काढले. तेव्हा उलटंच संकट आलं. सगळ्यात बारीक गटात दूध चमचाभरसुद्धा नाही, पण थेंब इतके अगणित झाले की संगणक त्यांच्यातच अडकून बसला. तो गट मी काढून टाकला. दुधाच्या हिशेबात तो नसल्यात जमा होता, आणि असं सगळेच करतात. गणित पुन्हा चाललं. सकाळी भिंतीवर एक नेटका, अरुंद पट्टा आला होता, निमुळता भाग सुरू होतो त्याच्या जरा वर. मी आकोशला कळवलं. पट्टा इथे, वजन एवढं, तळ साफ, झाकण साफ.

प्रयोगाच्या दिवशी हॉलमध्ये खिरीसारखा वास सुटला होता. डेअरीचे दोघं आले होते, भारी कोट घालून, बोटानं काहीही न शिवता. बोरिश्का त्या दिवशी अशी गुरगुरली, की तिला जणू आपली परीक्षा आहे हे कळलं होतं. दूध संपलं, हवा थांबली, ती निवेपर्यंत आम्ही बाहेर वाऱ्यात उभे राहिलो. मग बाजूची झडप उघडली. पहिलं आत बघायचं ते वेंडेलकाकांनीच, हे न सांगता ठरलेलं. त्यांनी दिवा घेतला, कमरेपर्यंत आत वाकले, सगळीकडे उजेड फिरवला आणि बाहेर आले.

"या," ते म्हणाले. "बघा."

पट्टा मी सांगितला तिथेच होता, वीतभरही इकडे तिकडे नाही. आम्ही तो खरवडून काढला, तोलला. वजन जवळजवळ तेच. आकोशनं मला मिठी मारली. डेअरीवाल्यांपैकी थोराड माणूस माझा हात हलवत म्हणाला, की यापुढे तोट्या विकत घ्यायच्या आधी तुम्हालाच विचारणार. आणि वेंडेलकाका त्याच्या कोपराला धरून सांगत होते, "ही माझी विद्यार्थिनी." त्याला ऐकू गेलं नसेल असं समजून पुन्हा सांगत होते. जर्दाळूची दारू, पालिंका, निघाली. ते दोन पेले प्यायले, गाल लाल झाले, मला सगळ्यांदेखत "बघितलंस?" म्हणाले. इतके खूश की मी मूर्खासारखी समजले, म्हाताऱ्यानं मनाची तयारी केलीय.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. फोन केला की गुडघा दुखतोय. पुढच्या वेळी बर्फ फार आहे. एकदा म्हणाले, रेडिओ दुरुस्त करतोय. त्यांच्या घरी रेडिओ नाही. मी नाताळच्या आधी खसखशीचा नाताळातला केक, बेय्ग्ली, घेऊन गेले, तर दाढीचे खुंट वाढलेले. गुडघ्याबद्दलच बोलत राहिले, बोरिश्काचं नावसुद्धा काढलं नाही. मीही नाही काढलं. मी जिंकले होते ना, मी कुठल्या तोंडानं काढणार?

मार्चमध्ये फिटर आले. मी ठरवलं होतं की खाली जायचं नाही, आणि सगळ्यांत आधी गेले. साखळ्या लावून त्यांनी झाकण उचललं, फिरवलं आणि हॉलच्या फरशीवर उपडं ठेवलं. झाकणाची आतली बाजू वर आली. आणि मी तिथेच उभी राहिले.

झाकणाच्या आत पांढरा थर होता. चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखा मऊ, सगळीकडे पसरलेला, आणि तोटीभोवती जिथून गरम हवा येते तिथे करपून तपकिरी झालेला. मी बोट फिरवलं. त्या प्रयोगानंतर बोरिश्का चाललेलीच नव्हती. आणि दर प्रयोगानंतर झाकण धुणारा माणूस त्या दिवसानंतर आला नव्हता.

मी लिहिलं होतं, झाकण साफ. आणि त्या दिवशी पट्ट्याच्या आनंदात आम्ही वर बघितलंच नव्हतं.

कारण समजायला मला संगणक लागला नाही. मी काढून टाकलेला तो बारीक गट. त्यातला एकेक थेंब इतका हलका, की हवेनं त्यांना खाली पडू दिलं नाही, फिरवून वर नेलं आणि झाकणाला चिकटवलं. दूध चमचाभर, खरं आहे. पण ते टाकीतल्या सगळ्यांत गरम जागी जाऊन बसलं होतं. मोठ्या डेअरीत पहिली ठिणगी पडेल ती तिथून.

मी फिटरांना म्हटलं, थांबा. ते म्हणाले, बाई, हुकूम साहेबांचा आहे. मी आकोशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, मी त्याला मीटिंगमधून उठवलं.

तो खाली आला. वाकून बघितलं, बोट लावलं, बोट चाटलं.

"दूधच आहे," तो म्हणाला. "एमोके, एवढीशी पावडर. वजनात धरली तर शून्य."

"झाकणसुद्धा जुळलं पाहिजे, असं तू म्हणाला होतास."

"म्हणालो होतो." तो हिशेब करत उभा राहिला. ते त्याच्या कपाळावर दिसतं. "मग तुला डेअरीला कळवावं लागेल. सगळ्यांना. त्या निकालावर तुझा लेख चाललाय, तोही मागे घ्यावा लागेल."

"कळवते. घेते."

"बरं नाही दिसणार."

"न दिसू दे. तिथे आग लागली तर ते तरी बरं दिसेल का?"

आकोशनं सुस्कारा सोडला. त्याच्या डोळ्यांसमोरून बॅटऱ्या निघून जाताना मला दिसल्या, आणि त्या घटकेला मला तो आवडला, कारण त्यानं वाद घातला नाही. फिटरांकडे वळून म्हणाला, "झाकण परत बसवा. पण आधी हिला फोटो काढू द्या."

मी कोटाची बटणंही न लावता वेंडेलकाकांकडे गेले. दार उघडंच होतं. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. घरच्या जुन्या स्वेटरमध्ये ते मला एकदम लहान दिसले.

"बोरिश्का राहतेय," मी म्हटलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झाकण, थर, काढून टाकलेला गट, आकोश, फिटर.

त्यांनी सुरी खाली ठेवली. हात पुसले. खिडकीबाहेर बघत बसले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. पण एकदाही म्हणाले नाहीत, झाकणावर थर? कसा काय? हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"तुम्ही पाहिला होता," मी म्हटलं.

"आधी खाली बस."

"दिवा घेऊन आत वाकलात तेव्हा. तुम्ही वर बघितलंत."

"मी नेहमीच वर बघतो. तुलाही शिकवलं होतं, तू ऐकलं नाहीस."

माझं डोकंच फिरलं. इतके महिने. गुडघा, बर्फ, रेडिओ. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. एक शब्द बोलला असतात तर बोरिश्का त्याच दिवशी वाचली असती, तुम्ही इथे अंधारात बटाटे सोलत बसला नसतात. आणि डेअरीचं काय, ती तोटी बसवून मोकळे झाले असते तर?

"ते मे महिन्यात बसवणार आहेत, विचारून घेतलंय. त्याआधी तुला सांगणारच होतो," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हातारा टाकी वाचवायला काहीतरी काढतोय असं होईल. मग रोज उद्यावर टाकत गेलो. तेवढं माझं चुकलं."

"पण त्या दिवशी का नाही बोललात? थांब्यावरून परत आला होतात तुम्ही. माझी चूक सांगायला बस सोडलीत. मग त्या दिवशीच काय झालं होतं?"

वेंडेलकाकांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. दुसरा उचलला आणि नुसताच हातात धरून बसले.

"बाहेर आलो तर सगळे तुझ्याकडे बघत होते गं," ते म्हणाले. "मलाही तुझ्याकडेच बघायचं होतं."